दोन नळ, एकच रंग

डब्यात उरलेला रंग वाया जाऊ नये म्हणून तुम्ही कधी कुणाच्या जिवाशी खेळलात का? आपला पंपचालक खेळला.

माणूस वाईट नव्हे. सांडपाणी शुद्ध करायच्या केंद्रात अठरा वर्षं पंप चालवत होता. तलाव आटत चालला, तसं हे शुद्ध केलेलं पाणी कारखान्यांना आणि बागांना द्यायचं ठरलं, म्हणजे पिण्याचं पाणी पिण्यापुरतं राहील. पहिली जोडणी त्याने हौसेने स्वतःच्या घरी घेतली. परसात शेजारीशेजारी दोन नळ आले. बागेच्या नळाला प्लंबरने जांभळी चिकटपट्टी गुंडाळली.

ती पट्टी त्याच्या डोळ्यांत खुपली. त्याने ती सोलून काढली आणि जांभळा रंग आणून नळ रंगवला. रंग उरला. (वापरलेलं फेकून देणं त्याच्या रक्तातच नव्हतं, नोकरीच तसली.) मग त्याने दुसराही रंगवला.

सासूबाई कालच इस्पितळातून आल्या होत्या. मूत्रपिंडं नाजूक, पाणी नीट बघून द्या, असं डॉक्टरांनी बजावलेलं. दुपारी बायकोने परसातल्या एका नळावरून त्यांना तांब्या भरून दिला आणि परत येताना नळांकडे पाहून ती थबकली.

"अहो, यातला पिण्याचा कुठला?"

"डावीकडचा." मग जरा थांबून, "बहुतेक."

"बहुतेक? आई तांब्याभर प्यायलीय."

त्याने प्लंबरला फोन लावला.

"खूण केली होती ना, साहेब? लक्षात ठेवायला लागू नये म्हणूनच करतो आम्ही."

पाणी दोन्हीकडचं सारखंच नितळ. (बघून फरक सांगून दाखवा, असं तोच महिनाभर गल्लीला ऐकवत होता.)

संध्याकाळी सासूबाईंना थंडी वाजून ताप भरला. पुन्हा इस्पितळ.

"कुठलं पाणी पोटात गेलं ते कळलं, तर औषध ठरवता येईल," डॉक्टर म्हणाले.

तो धावत घरी गेला, दोन बाटल्या भरल्या, प्रयोगशाळेत देऊन आला. बायको आईचे पाय चेपत बसली होती. तिने वर पाहिलं नाही.

"जावईबापू," सासूबाई पुटपुटल्या, "त्या पाण्यावर तुमची झाडं बरी आहेत ना?"

"हो."

"मग बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताप तसाच होता, आणि प्रयोगशाळेतून फोन आला, की एका बाटलीतलं पाणी पिण्याजोगं आहे, दुसरीतलं नाही. फक्त कुठली बाटली कुठल्या नळाची, ते तुम्ही लिहिलेलं नाही.