वर न्यायमूर्ती, खाली खासदार

पहिला थेंब पडला तो खासदारांच्या स्वयंपाकघरात, तापलेल्या तव्यावर. चर्र असा आवाज झाला आणि वाफ उडाली. दुसरा थेंब खासदारांच्या बायकोच्या मानेवर पडला, तेव्हा तिने वर पाहिले. छताच्या कडेला ओल धरली होती.

खासदारही येऊन पाहून गेले. ओलीच्या बरोबर वर न्यायमूर्तींचे बाथरूम होते. एरवी खासदारांनी जिन्यात उभे राहूनच, वर तलाव बांधलायस की काय, म्हणून हाक मारली असती आणि न्यायमूर्ती लेंग्यावरच खाली आले असते. कॉलेजात दोघे एका बाकावर बसत. सरकारी वसाहतीत एकाला वरचे आणि एकाला खालचे घर मिळाले, तेव्हा दोघांनाही आपापल्या पदापेक्षा त्याचाच आनंद जास्त झाला होता. पण सध्या बोलणे बंद होते. भांडणामुळे नव्हे, खटल्यामुळे.

देशातले सर्वोच्च न्यायालय म्हणजे असे न्यायालय, की ज्याचा निकाल पटला नाही तर पुढे ठोठावायला दारच उरत नाही. तिथे नऊ न्यायाधीश होते. ते किती असावेत, त्यांचा पगार किती, त्यांनी राहायचे कुठे, हे मात्र सभागृह ठरवत असे. सभागृहाने नुकताच कायदा केला की आणखी चार न्यायाधीश नेमावेत आणि ते चौघे सभागृहानेच निवडावेत. तो मांडला होता खालच्या मजल्यावरच्या खासदारांनी. विरोधक न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे, सामना रंगात आलेला असताना एका संघाने आपल्या घरचे चार पंच मैदानात उतरवावेत, तसे हे झाले. सभागृहाचे म्हणणे, न्यायाधीश किती असावेत हे लोकांनी निवडून दिलेल्यांनी नाही ठरवायचे तर कोणी? दोन्ही बोलण्यांत तथ्य होते, म्हणूनच खटला अवघड होता. आठ न्यायाधीश निम्मे इकडे, निम्मे तिकडे झुकले होते, असे सगळे म्हणत. नववे वरच्या मजल्यावर राहत.

खालचे खासदार आपले जुने दोस्त आहेत, हे न्यायमूर्तींनी भर न्यायालयात सांगून टाकले होते. दोन्ही बाजूंनी हरकत घेतली नाही. फक्त निकालापर्यंत दोघांनी एकमेकांशी बोलू नये, असे ठरले. एक शब्द जरी इकडचा तिकडे झाला, तर न्यायमूर्तींना बाजूला व्हावे लागणार होते, आणि मग आठांचे चार-चार होऊन खटला कायमचा लोंबकळणार होता. न्यायमूर्ती तेव्हापासून जिन्यात चाहूल घेऊनच पाऊल टाकत.

त्यामुळे गळतीची खबर वर पोचवायला खासदारांची बायको गेली. ती न्यायमूर्तींच्या बायकोशी दारात बोलत होती, तेवढ्यात आतून कडी लागल्याचा आवाज आला. न्यायमूर्तींनी स्वतःला अभ्यासिकेत कोंडून घेतले होते. पाहुणी गेल्यावर ते बाहेर आले, सगळे ऐकून घेतले आणि तिथल्या तिथे निवाडा दिला.

"चूक आपलीच आहे. दुरुस्त करून घेऊ."

पण ते बोलण्याइतके सोपे नव्हते. घर सरकारी. सभागृहाच्या निवास समितीच्या मंजुरीशिवाय तिथली एक फरशीही उखडता येत नसे. आणि समितीचे अध्यक्ष होते खालचे खासदार. म्हणजे ज्यांच्या डोक्यावर पाणी पडत होते, त्यांच्याच हातात मंजुरी होती. ती द्यावी, तर खटला चालू असताना न्यायमूर्तींवर उपकार केल्यासारखे होणार. न द्यावी, तर न्यायमूर्तींवर दबाव आणल्यासारखे होणार. खासदार तसे सरळ मनाचे. त्यांनी विषय समितीपुढे ठेवला आणि आपण खुर्ची सोडून बाहेर जाऊन बसले. समितीने पुढच्या बैठकीत विचार करू, असे ठरवले.

तोवर न्यायमूर्तींनी बाथरूमला कुलूप घातले. बायकोने शेजारणीकडे आंघोळीची सोय लावली. न्यायमूर्ती स्वतः खांद्यावर टॉवेल आणि हातात साबणाची डबी घेऊन भल्या सकाळी न्यायालयात जाऊ लागले, कारण त्यांच्या दालनाला एक छोटे स्नानगृह होते. दोन वकिलांनी त्यांना तशा अवस्थेत पाहिले. दुपारपर्यंत, ते निकाल लिहिण्यासाठी रात्रंदिवस न्यायालयातच असतात, अशी बातमी पसरली. संध्याकाळपर्यंत, बायकोने त्यांना घराबाहेर काढले, अशी सुधारणा तीत झाली.

लपवाछपवी नको, म्हणून दुसऱ्या दिवशी न्यायमूर्तींनी न्यायासनावरूनच सांगितले की माझे बाथरूम एका पक्षकाराच्या स्वयंपाकघरात गळत आहे, कुणाला यावर काही म्हणायचे आहे का? सरकारी वकिलांनी विरोधी वकिलांकडे पाहिले. विरोधी वकिलांनी छताकडे पाहिले. शेवटी एकाने, या मुद्द्याचा अभ्यास करायला आठवड्याची मुदत मागितली.

सभागृहातही पडसाद उमटलेच. न्यायालय आपल्या डोक्यावर बसले आहे हे ठाऊक होते, आता ते डोक्यावर पाणीही ओतू लागले, असे एक सदस्य म्हणाले. खासदारांनी त्यांना हाताला धरून खाली बसवले. घरी त्यांची बायको एका हातात छत्री धरून दुसऱ्या हाताने भाजी परतत होती, हे मात्र त्यांनी कुणाला सांगितले नाही.

इकडे न्यायमूर्तींची बायको आठवडाभर मनात हिशोब जुळवत होती. एका संध्याकाळी ती अभ्यासिकेत गेली.

"अहो, आपलं बाथरूम बंद होऊन आठवडा झाला. खाली अजून गळतंय."

"स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी असेल."

"किती मुरेल? तो स्लॅब आहे का विहीर?"

न्यायमूर्तींनी मान पुन्हा कागदांत घातली. ते निकाल लिहीत होते. कायदा पुरता, मुळासकट रद्द करायचा आणि सभागृहाला चार खडे बोल सुनवायचे, असा तो चालला होता. दोस्तीपायी किंवा गळतीच्या शरमेपायी आपण नरमलो, असे उद्या कुणी म्हणायला नको, हाच विचार त्यांच्या डोक्यात होता.

शेवटी दोघी बायकांनीच ठरवले. खटला नवऱ्यांचा होता, पाणी या दोघींचे. दोन्ही नवरे कामाला गेल्यावर त्यांनी प्लंबरला खालच्या स्वयंपाकघरात बोलावले. फरशी फोडायची नाही, फक्त पाहायचे, असे बजावून सांगितले. त्याने शिडी लावली आणि कित्येक वर्षे न उघडलेली माळ्याची दारे ओढली. आत खासदारांचीच पाण्याची टाकी होती. तिच्या नळाचा वॉशर झिजला होता आणि पाणी माळ्याच्या कडेकडेने जाऊन भिंतीजवळ ठिबकत होते. नवा वॉशर बसवायला चहा उकळायला लागतो तेवढाच वेळ लागला.

संध्याकाळी बायकोने न्यायमूर्तींना सगळे सांगितले. ते आधी खूश झाले. मग त्यांचा चेहरा पडला.

"मग आपलं बाथरूम गळतंय, हे ठरवलं कुणी?"

"तुम्ही."

"मी काही तपासलं नव्हतं?"

"नाही. मी सांगत होते तेही ऐकलं नाहीत. लोक काय म्हणतील म्हणून स्वतःला दोषी ठरवून मोकळे झालात." तिने टेबलावरच्या कागदांकडे बोट दाखवले. "दुसऱ्या कुणाला अशी शिक्षा दिली असतीत का हो, त्याचं म्हणणं न ऐकता?"

न्यायमूर्तींनी चष्मा काढून ठेवला. मग लिहिलेली सगळी पाने फाडून त्यांनी टोपलीत टाकली आणि सभागृहाचे म्हणणे पहिल्यापासून, नीट, वाचायला घेतले. दोस्ताला वाचवायचे नाही, तसे दोस्त आहे म्हणून झोडायचेही नाही, एवढे एक वाक्य त्यांनी मनाशी पुन्हा पुन्हा म्हटले. कुणाच्या बाजूला वाकू नये, म्हणून ते इतके मागे वाकले होते की पार दुसऱ्याच बाजूला जाऊन पडले होते.

निकाल लागला. न्यायाधीश किती असावेत हे सभागृहाने खुशाल ठरवावे. मात्र त्या खुर्च्यांवर कुणाला बसवायचे, हे एकट्या सभागृहाने ठरवू नये. आणि नव्या खुर्च्या, चालू असलेले खटले संपल्यावरच मांडाव्यात. दोन्ही बाजू थोड्या थोड्या नाराज झाल्या.

त्याच संध्याकाळी खासदार बायकोला घेऊन वर आले.

"निम्मा हरवलास मला."

"निम्मा जिंकलासही. बस, चहा घे."

खूप दिवसांचे साठलेले बोलणे निघाले. टाकीचा विषयही निघाला. तेव्हा खासदार आपल्या बायकोकडे वळून म्हणाले, की तुला एवढे दिवस ठाऊक होते, तर मला का नाही सांगितलेस?

"तुम्ही विषय समितीपुढे ठेवला होतात," ती म्हणाली. "म्हटलं, समितीचा निर्णय होऊ दे."

तो निर्णय सोमवारी झाला. खासदार नियमाप्रमाणे बाहेर जाऊन बसले होते. आत समितीने न्यायमूर्तींच्या बाथरूमची दुरुस्ती एकमताने मंजूर केली. सदस्य बाहेर आल्यावर खासदारांनी पुष्कळ सांगून पाहिले की गळती कधीच थांबली आहे. पण ज्या विषयात आपण मत देणार नाही म्हणून लिहून दिले, त्यात आता लुडबुड करता येणार नाही, असे त्यांना नम्रपणे कळवण्यात आले. मंगळवारी कामगार आले आणि त्यांनी न्यायमूर्तींचे धडधाकट बाथरूम तळापासून उखडले. शनिवारी नव्या फरश्या बसवून ते निघून गेले.

रविवारी सकाळी न्यायमूर्तींनी घरच्या बाथरूममध्ये मनसोक्त आंघोळ केली. ते अंग पुसत होते, तोच जिन्यातून हाक आली.

"अरे, या वेळी खरंच तुझं पाणी आहे."

"पुरावा दाखव," न्यायमूर्ती म्हणाले आणि लेंग्यावरच खाली गेले. स्वयंपाकघरात त्यांनी आधी माळा उघडायला लावला, टाकीच्या नळाखाली हात धरून पाहिला, भिंत चाचपली. मग ते छताखाली मधोमध उभे राहिले आणि थांबले. दोघी बायका आणि खासदारही थांबले.

एक थेंब न्यायमूर्तींच्या टकलावर पडला.

"मान्य," ते म्हणाले.