सुभाषरावांनी धुतलेली गाडी

धम्मदीपच्या गाडीचं दार उघडेना. त्याने एकदा ओढलं, दोनदा ओढलं, शेवटी पाय लावून ओढलं, तरी ते ढिम्म. मार्च संपत आला होता, अमेरिकेतल्या आयसेलिनमधल्या झाडांना कळ्या आल्या होत्या, आणि तरीही पहाटेपासून बर्फ भुरभुरत होता. जेमतेम बोटभर. एवढ्याने शाळासुद्धा बंद होत नाही, तिथे ऑफिस कसलं बंद होतंय!

आजूबाजूच्या सगळ्या गाड्या पांढऱ्या झाल्या होत्या. धम्मदीपची तेवढी काळीभोर चकचकत होती.

"मीच धुतली," मागून बाबा म्हणाले. त्यांच्या हातात रिकामी बादली होती. "पाचलाच उठलो. म्हटलं, पोरगा रोज थकून येऊन राहिला, गाडी साफ असली तर दहा मिनिटं जास्त झोपेल."

"पाण्याने धुतली?"

"मग काय दुधाने धुऊ?"

सुभाषराव नागपूरहून येऊन महिना झाला होता. वीज मंडळातली नोकरी संपेपर्यंत त्यांनी स्कूटर धुतल्याशिवाय घर सोडलं नव्हतं. इथे त्यांना कामच नव्हतं. गाडी चालवता येत नव्हती, आणि भांडी घासायला गेलं तर सूनबाई सुजाता त्यांना हाताला धरून सोफ्यावर बसवत होती. आज महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा फुलला होता. ते पाणी दारांच्या फटीत शिरून गोठलंय, हे त्यांना सांगायचा धीर धम्मदीपला झाला नाही.

पण ऑफिस चुकवणंही शक्य नव्हतं. आठवड्यातून तीन दिवस हजेरी लावायचा नियम होता, आणि लेकीच्या, मैत्रीच्या, तापात सोमवार-मंगळवार गेले होते. मागच्याच महिन्यात दोघांना काढलं होतं. नोकरी गेली की साठ दिवसांत व्हिसाचा प्रश्न, म्हणजे घर, शाळा, सगळंच गुंडाळायचं. त्याने चारही दारं ओढून पाहिली आणि शेवटी डिकीला हात घातला. ती उघडली!

"तिथपर्यंत पाणी पुरलं नाही," बाबा ओशाळून म्हणाले.

"बरं झालं, बाबा. मी आत गेलो की मागून बंद करा."

धम्मदीप जाड जाकीट घालून, डबा दातांत धरून डिकीतून आत सरपटला आणि मागच्या सीटवर मैत्रीच्या छोट्या खुर्चीत अडकला. वर घराच्या खिडकीतून आवाज आला, "आई, व्हाय इज बाबा इन माय कार सीट?"

"तिकडे बघू नकोस. तू ब्रश कर," सुजाता म्हणाली.

हीटरने काच सुटायला वीस मिनिटं गेली. ऑफिसला पोचेपर्यंत दारही सुटलं, मान मात्र आखडली. वर गेला तर पूर्ण मजल्यावर तो एकटा. दहाच्या मीटिंगला बाकीचे सगळे आपापल्या घरून स्क्रीनवर हजर झाले. "सो डेडिकेटेड, धम्मदीप!" मॅनेजर म्हणाली आणि त्याच उत्साहात तिने इतर तिघांची कामं त्याच्या गळ्यात घातली. तो तिथे होताच ना.

संध्याकाळी परतताना त्याने ठरवलं, आता बाबांना स्पष्ट सांगायचं. पण बाबा दारातच उभे होते.

"तू गेल्यावर करमेना. मग त्या शेजारच्या प्रसादची धुतली, वरच्या दोघांच्याही धुतल्या. या टायमाला पाणी कमी नाही पडू दिलं. डिक्यासुद्धा सोडल्या नाहीत!"

धम्मदीपने आत येऊन दार लावलं. तेवढ्यात बेल वाजली. दारात प्रसाद होता.

"सॉरी यार, रिअली सॉरी," धम्मदीपने हात जोडले. "बाबांना आयडिया नव्हती..."

"सॉरी काय? हे घे, आमच्या रुचाने नारळाच्या वड्या पाठवल्यात काकांना." प्रसादचा चेहरा झोपेने सुजला होता. "फ्रोझन दाराचा फोटो काढून बॉसला पाठवला. तो म्हणाला, सेफ्टी फर्स्ट, तुझी हजेरी लावतो. चार महिन्यांनी दुपारी झोपलो यार! वरचे दोघंही अजून झोपलेच आहेत. तू काय केलंस दिवसभर?"

"ऑफिसला गेलो."

"गाडी कशी उघडली?"

"डिकीतून शिरलो."

प्रसादने त्याच्याकडे फार कळवळून पाहिलं. मग एक वडी त्याच्या हातावर ठेवली आणि तो निघून गेला.

धम्मदीप मान चोळत सोफ्यावर बसला. मग त्याने फोनवर उद्याचं हवामान पाहिलं. पहाटे उणे चार. तो उठला आणि बाथरूममधला नळ सोडला.

"बाबा, उद्याही पाचलाच उठाल ना?"

"उठतो की. काऊन रे?"

"दोन बादल्या भरून ठेवतोय. एक नुसती डिकीला वापरा."