धैर्यशीलच्या मागचा गोलपोस्ट

पाणवठा तालमीच्या फुटबॉल संघाचा स्टॉपर धैर्यशील कळके बॉल घेऊन पुढे निघाला की त्याच्या मागचा गोलपोस्ट त्याच्या मागोमाग चालत येतो. दोघांत अंतर बावीस पावलांचं. मी स्वतः मोजलंय, तीनदा. तो थांबला की पोस्ट थांबतो, तो मागे सरकला की पोस्ट मागे सरकतो. आणि त्याने बॉल नुसता उडवून दिला तर पोस्ट जागचा हलत नाही.

या मैदानावर फक्की मारायचं काम माझ्याकडे आहे. चुन्याची पांढरी भुकटी डब्यात भरायची, डब्याच्या तळाला भोकं, आणि दोरीवरून सरळ चालत रेषा ओढायची. एकोणीस वर्षं झाली. रेफ्रीपासून गोलीपर्यंत सगळे मला शालनआक्का म्हणतात. पोस्ट चालतो हे पहिल्यांदा मलाच कळलं, कारण एका सकाळी सरावाच्या वेळी माझी गोलरेषा रिकामी पडली होती आणि पोस्ट सोळा पावलं पुढे उभा होता. मी धैर्यशीलला विचारलं, हे कुणी केलं. तो म्हणाला, मी बॉल घेऊन पुढे गेलो, तो आपला आला. मी म्हटलं, जाळी फाटली नाही ना. नव्हती फाटली. मग मी माझ्या कामाला लागले.

आमच्या शहरात स्टॉपर म्हणजे मागे उभा राहून अडवणारा. आलेला बॉल हाणायचा, कुठे पडला ते बघायचं नाही. तालमीचे अध्यक्ष आबा साळोखे त्यांच्या काळात असेच खेळले. त्यांनी हाणलेल्या बॉलने समोरच्या तीन घरांची कौलं फुटली, ते अजून अभिमानाने सांगतात. धैर्यशील तसा नाही. त्याच्या पायात बॉल आला की तो आधी मान वर करतो, बघतो, आणि जागा दिसली की चालायला लागतो. समोरच्या दोघांच्या मधून पास असा सरकवतो की ज्याला द्यायचा त्याच्या पुढ्यात जाऊन पडतो. लोक म्हणतात, स्टॉपर पुढे गेला की मागे मोकळं रान पडतं. आमच्यात ते पडतच नाही. मागचं सगळं त्याच्याबरोबर पुढे आलेलं असतं, गोलीसकट. तोटा एवढाच की समोरच्याला आमचा गोल जवळ पडतो.

हे आठ वर्षं चाललं आणि कुणाची तक्रार नव्हती. तक्रार झाली ती यंदाच्या साखळी सामन्यात. घोडेपागा तालमीच्या फॉरवर्डने पुढे आलेल्या आमच्या पोस्टमध्ये बॉल मारला. गोलच होता, मी डोळ्याने बघितला. पण रेफ्री तांबोळी पोस्टपाशी गेले, खाली वाकले, आणि त्यांनी गोल नाकारला. म्हणाले, नियमाप्रमाणे गोलपोस्ट गोलरेषेवर पाहिजे, इथे खाली रेषाच नाही, तर गोल कसला. घोडेपागावाल्यांनी दुसऱ्या दिवशी शहर फुटबॉल मंडळाकडे अर्ज दिला. मंडळाचं पत्र आलं: फायनलच्या आधी पाणवठा तालमीने आपला गोलपोस्ट काँक्रीटमध्ये पक्का करावा. फायनल घोडेपागाशीच होती.

आबांना वाईट वाटलं नाही. उलट त्यांनी उभं राहून काँक्रीट ओतून घेतलं.

ते सुकल्यावर सराव झाला. धैर्यशीलने बॉल घेतला, मान वर केली, चालायला लागला आणि बाविसाव्या पावलाला थांबला. पुढचं पाऊल उचलेना. बॉल समोर, जागा मोकळी, आणि हा दाव्याला बांधलेल्या रेड्यासारखा पुढे झुकलेला. तिकडे पोस्टही पुढे कलला होता, जाळी ताणली होती. थोडा वेळ दोघं तसेच राहिले. मग धैर्यशील मागे फिरला आणि पोस्टला टेकून बसला.

आबांनी तिथेच निकाल दिला. फायनलला त्याने जागेवर उभं राहून बॉल उडवायचा. नाही जमलं तर दुसरा स्टॉपर उतरेल, आणि पुढच्या वर्षीच्या नोंदणीत कळकेचं नाव जाणार नाही. मी मध्ये बोलले की हा पोरगा पुढे घेऊन जातो म्हणून तर आपण फायनलला आलोय.

"स्टॉपरनं अडवायचं, शालन," आबा म्हणाले. "पुढं न्यायला बाकीची जणं काय हळदीकुंकवाला आल्यात?"

नोंदणी वर्षातून एकदाच होते, फायनलच्या दुसऱ्या दिवशी. त्यात नाव नसलं की माणूस वर्षभर भिंतीवर बसून मॅच बघणार. धैर्यशील एकोणतीस वर्षांचा. एक वर्ष बसला की परत उठत नाही, अशी मी डझनभर माणसं बघितलीत. भडंग खातात आणि खेळणाऱ्यांना शिव्या देतात. दुसरी तालीम म्हणावी तर ती खेळाडू घेईल, पण तिला तिचा पोस्ट आधीच असतो.

मी फक्कीचा डबा घेऊन त्याच्याजवळ गेले. त्याला म्हटलं, चार दिवस बॉल उडवायचा सराव कर, फायनल काढ, पुढचं पुढे बघू.

"आक्का, मला उडवायला येत न्हाई," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू. मला बॉल दिसला की त्याच्या पुढची वाटच दिसती."

मला त्याचा राग आला आणि तो खरं बोलतोय हेही कळलं. मी डबा खाली ठेवला आणि तशीच मंडळाच्या कचेरीत गेले.

मंडळाचे सचिव माणगावे साहेब कागदाचे माणूस. खिशाला दोन पेनं, सफारीला कडक इस्त्री. ते म्हणाले, पोस्ट चालतो याला मंडळाची हरकत नाही, नियमात त्याबद्दल काही लिहिलेलं नाही. हरकत रेषेची आहे.

"रेषा कोण मारतं?" मी विचारलं.

"तुम्ही."

"मग पोस्ट जिथं जाईल तिथं रेषा असेल. आता काय हरकत ऱ्हायली सांगा."

ते म्हणाले, रेषा सामन्याच्या आधी मारायच्या असतात. मी म्हटलं, मागच्या वर्षी वळवाच्या सरीने सगळी फक्की धुऊन गेली, तेव्हा खेळ चालू असताना रेषा मारा म्हणून मला चिठ्ठी कुणी पाठवली? चिठ्ठी मी जपून ठेवली होती. ती टेबलावर ठेवली. माणगावे साहेबांनी आपलीच सही उलटसुलट करून बघितली, मग चष्मा लावून बघितली. ते कुणालाही नाही म्हणतील, पण स्वतःच्या सहीला म्हणत नाहीत.

परवानगी मिळाली, अटींसह. पोस्टने टाकलेल्या प्रत्येक पावलाखाली आधी रेषा असावी. रेषा सरळ असावी, पोस्टच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच पावलं पुरेल. फक्की मारणारी बाई मैदानाचा भाग समजली जाईल, बॉल तिला लागला तर खेळ चालू राहील. एका गोलरेषेपासून दुसऱ्या गोलरेषेपर्यंत मैदानाची लांबी नव्वद मीटरच्या खाली येऊ नये. आणि यातली कुठलीही अट एकदा जरी मोडली तर खेळाडू धैर्यशील कळके यांची नोंदणी कायमची रद्द.

ही शेवटची अट मी धैर्यशीलला वाचून दाखवली. तो म्हणाला, चालंल. मग दोघांनी पहार घेऊन काँक्रीट फोडलं. आबा लांबून बघत होते. परवानगीचा कागद त्यांच्या हातात होता, त्यामुळे त्यांना काही करता येत नव्हतं.

फायनलला मैदानाच्या भिंतीवर पाय ठेवायला जागा नव्हती. हलगी कडाडत होती. पहिल्यांदा धैर्यशील बॉल घेऊन निघाला तेव्हा मी पोस्टच्या पुढे पळत पावलाला एक रेषा ओढत होते, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. मैदान दुरेघी वहीसारखं दिसायला लागलं. घोडेपागावाले भिंतीवरून ओरडले, म्हातारे, रांगोळी झाली की प्रसाद वाट. मी म्हटलं, वाटते, तोंड उघडून बसा, आणि रेषा सोडली नाही.

माझा वेग तोच त्याचा वेग. त्याला सावकाश चालावं लागत होतं. बॉल पायात असून हा सावकाश का चालतोय हे घोडेपागाला कळेना. त्यांना वाटलं घाबरलाय. मग एकजण अंगावर यायचा, आला की त्याची जागा मोकळी पडायची, आणि धैर्यशीलचा पास नेमका तिथून जायचा. उत्तरार्धात एकदा त्यांनी बॉल हिसकावला. आमचा पोस्ट त्यांना तीस पावलांवर आयता उभा. फटका असा आला की मी डोळे मिटले. गोली किरणने दोन्ही हातांनी अडवला. रेफ्री तांबोळी रेषा बघायला धावत आले. रेषा होती.

शेवटची सहा मिनिटं राहिली, गोल एकही नाही. धैर्यशीलला बॉल मिळाला आणि तो निघाला. आमचं मैदान एकशेदहा मीटर. वीस मीटरवर माणगावे साहेबांनी लाल झेंडी रोवली होती. पोस्ट तिच्यापुढे गेला की लांबी नव्वदच्या खाली. पोस्ट झेंडीपाशी आला. धैर्यशील थांबला. त्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं. सेंटर लाइन अजून लांब होती, आणि घोडेपागाचे दोघे त्याच्याकडे निघाले होते.

"बॉल सोडू नकोस," मी म्हटलं. "उभा ऱ्हा तसाच."

मी मैदानाच्या कडेला माणगावे साहेबांकडे गेले. म्हटलं, साहेब, लांबी कमी पडायला लागलीय, समोरचा पोस्ट मागे घ्या. त्यांनी कागद काढला. नव्वदच्या खाली येऊ नये असं लिहिलं होतं. कुठल्या बाजूने भरून काढायची ते लिहिलं नव्हतं. त्यांनी दोनदा वाचलं आणि घोडेपागाला पोस्ट मागे घ्यायचा हुकूम दिला.

घोडेपागाचे अध्यक्ष म्हणाले, आमचा पोस्ट चालत नाही.

"मग उचला," माणगावे साहेब म्हणाले.

त्यांना लेखी पाहिजे होतं. साहेबांनी लेखी दिलं. मग त्यांचे सहाजण पोस्टला भिडले, कारण खेळ चालू होता आणि बाहेरच्या माणसाला आत यायची परवानगी नाही. तेवढ्या वेळात धैर्यशील दोघांना अंगावर घेऊन बॉल पायाखाली धरून उभा होता. त्यांनी त्याला ढकललं, घासलं, काय काय ऐकवलं. बॉल काही त्याने दिला नाही.

घोडेपागाच्या गोलमागे ट्रक आत यायचं फाटक आहे. पोस्ट तिरका करून त्यांनी त्यातून बाहेर काढला आणि रस्त्यावर ठेवला. आता बावीस मीटर वाढले. पण रेषा ते मारेनात. त्यांचे अध्यक्ष शहाणे; रेषा नाही तर गोल नाही, हे त्यांनी साखळी सामन्यातच शिकून घेतलं होतं. मी इकडून ओरडून साहेबांना सांगितलं की लांबी रेषेपासून रेषेपर्यंत मोजायची असते, तिकडे रेषा नाही म्हणजे मैदानाला लांबीच नाही.  माणगावे साहेबांनी फाटकापाशी ठेवलेल्या माझ्या पोत्यातली फक्की ओंजळीत घेतली, कडक इस्त्रीच्या सफारीत रस्त्यावर उकिडवे बसले आणि डांबरावर स्वतःच्या हाताने रेषा ओढली. दोन रिक्षा थांबून राहिल्या.

मी डबा उचलला. "चाल," म्हटलं.

धैर्यशील दोघांच्या मधून निघाला. झेंडी मागे पडली. सेंटर लाइन ओलांडताना त्याच्या मागे पोस्ट, पोस्टमध्ये किरण, पुढे मी. डब्यातली फक्की संपत आली होती. मी ओरडून तेवढं त्याला सांगितलं. त्याने मान वर केली. घोडेपागाचे सहाजण अजून रस्त्यावर, घाम पुसत. त्याने पास दिला. जमिनीलगत, ना जोरात, ना हळू. बॉल मैदानातून, फाटकातून, उतारावरून रस्त्यावर गेला. आमचा फॉरवर्ड निहाल त्याच्यामागे पळत होता. त्याने पाय लावला आणि बॉल रिक्षांच्या समोर जाळीत गेला.

रेफ्री तांबोळी रस्त्यावर जाऊन वाकले, रेषा बघितली, शिटी वाजवली. नंतर टेप लावून मोजलं. एक्क्याण्णव मीटर आणि वर थोडं. आमच्या पोस्टखालची शेवटची रेषा फिकट होती, पण होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोंदणी. घोडेपागाचा पोस्ट तिथेच होता, कारण तो परत आत आणायचा हुकूम कुणी लिहिला नव्हता. जाळी वर बांधून रिक्षा त्याच्यातूनच जात होत्या. तालमीत आबा साळोखे फॉर्म घेऊन बसले होते. धैर्यशीलने आपला फॉर्म पुढे ठेवला. आबांनी त्याच्याकडे बघितलं नाही. नाव लिहिलं, वडिलांचं नाव लिहिलं, जागा लिहिली: स्टॉपर. मग दुसरा कोरा फॉर्म घेतला आणि मला विचारलं, ह्याला काय लिहायचं. मी म्हटलं, गोलपोस्ट, जाळीसह.

त्यांनी लिहिलं. खाली जन्मतारखेचा रकाना होता. तिथे पेन अडलं.

"धैर्याचीच घाला," मी म्हटलं.

आबांनी पहिल्या फॉर्मवरची तारीख बघून दुसऱ्यावर उतरवली, दोन्हींवर सह्या केल्या आणि शाई वाळावी म्हणून फुंकर मारली.