अर्थ मास्तरांचा, वाक्य बाईंचं

कोशाच्या कामात वाटणी ठरलेली होती. अर्थ मास्तरांनी लिहायचा, खालचं उदाहरणाचं वाक्य बाईंनी. मास्तर आणि बाई म्हणजे नवरा-बायको. दोघंही शाळेतून निवृत्त झालेले, आणि इंग्रजी वाक्प्रचारांचा मराठी कोश हे दोघांचं मिळून एक खूळ. अकरा वर्षं कार्डं जमवण्यात गेली. आता प्रेसवाला मागे लागला होता आणि शेवटचा हात फिरवणं सी या अक्षरापर्यंत आलं होतं. खोलीत दोन टेबलं, मधे पत्र्याचा ट्रे. दुपारी समोरच्या सावरीच्या झाडाचा कापूस खिडकीतून तरंगत आत येई आणि कार्डांवर बसे, की दोघांपैकी कुणीतरी तो फुंकून उडवी.

त्या दुपारी 'कोल्ड शोल्डर' निघाला. मास्तरांनी लिहिलं, 'ओळखीच्या माणसाशी मुद्दाम परक्यासारखं वागणे.' बाईंनी खाली लिहिलं, 'शेजारीण दिसली, पण तिने लक्ष दिले नाही.' मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"हे नाही चालायचं."

"का बरं?"

"यात मुद्दाम कुठंय? तुझी शेजारीण नुसती घाईत दिसते. समोरच्याला झोंबलं पाहिजे."

"चौतीस वर्षं फळ्यावर वाक्यं लिहिली आहेत मी."

"तेच तर. फळ्यावरची वाक्यं. मुद्दाम वागणं म्हणजे काय, ते तुला जमतच नाही."

बाईंनी कार्ड परत घेतलं. आधीचं वाक्य पट्टी ठेवून खोडलं आणि नवीन लिहिलं : 'त्या दिवसापासून तिने नवऱ्याशी बोलणे टाकले.'

"हां, आता कसं," मास्तर खुशीत म्हणाले. "याला म्हणतात उदाहरण."

उत्तर आलं नाही. संध्याकाळपर्यंत आलं नाही. रात्री जेवताना मास्तरांनी विचारलं, "मीठ कुठंय?" तर मिठाचा डबा पुढे आला, शब्द नाही.

दोन दिवसांत गाडी रुळावर येईल असं मास्तरांना वाटलं. आता मास्तर विद्वान असले तरी नवराच, त्यामुळे चूक आपली असेल ही शक्यता त्यांनी विचारात घेतली नाही. आठवडा गेला. चहा वेळेवर येत होता, सदऱ्याची बटणं लागत होती, घरात कशाचीच कमी नव्हती. फक्त आवाज गेला होता. खोल्या एकाएकी मोठ्या वाटू लागल्या. मास्तरांना भरदुपारी जागेपणीच झोपेत असल्यासारखं वाटे. बाई समोरून चालत जात, पदर दाराला घासल्याचं ऐकू येई, आणि आपण हे सगळं लांबून कुठूनतरी बघतोय असा त्यांना भास होई.

बाईंचा आवाज उरला होता तो फक्त कार्डांवर. 'क्राय ओव्हर स्पिल्ट मिल्क', म्हणजे होऊन गेल्यावर रडणे, त्याखाली : 'बोलून गेल्यावर त्याने कपाळावर चष्मा चढवून काही उपयोग नव्हता.' मास्तर वाचत आणि ते वाक्य त्यांना बाईंच्या आवाजात ऐकू येई. मग त्यांनाही खुमखुमी आली. 'डेड वुड'चा अर्थ त्यांनी लिहिला, 'निरुपयोगी वस्तू अथवा व्यक्ती. उदाहरणार्थ, क्षुल्लक कारणावरून रुसून बसणारी.' त्याखाली बाईंचं वाक्य आलं : 'स्वतःचे मोजे न सापडणारा माणूस दुसऱ्याला निरुपयोगी म्हणाला.' मास्तरांना हसू फुटलं, आणि ते कुणाला दाखवावं हे न कळून त्यांनी ते खोकल्यात लपवलं.

इथवर घरातलं घरात होतं. पण दर गुरुवारी प्रेसवाला यायचा, नवी कार्डं न्यायचा आणि छापलेली कच्ची पानं तपासायला ठेवून जायचा. तपासायची रीत अशी, की बाईंनी मोठ्याने वाचायचं आणि मास्तरांनी कार्डाशी ताडून बघायचं, नको ते तिथेच खोडायचं. आता बोलणंच बंद, तर वाचणार कोण? आणि 'वाच' असं सांगणं म्हणजे आपण हरलो. मास्तरांनी न वाचताच पानांवर सही करून टाकली. त्यांची सही बघून बाईंनीही केली. प्रेसवाल्याला दोन सह्या पुरेशा होत्या. तो स्वतः काही वाचत नसे. वाचायला लागलो तर छापू कधी, असं त्याचं म्हणणं होतं.

अशी अक्षरं सरत गेली. आणि एके दिवशी 'लास्ट स्ट्रॉ', म्हणजे सहनशक्तीचा अंत, त्याखाली बाईंनी लिहिलं : 'कोश पूर्ण झाला, की ती कायमची धाकट्या बहिणीकडे राहायला जाणार होती.'

मास्तरांनी ते कार्ड चार वेळा वाचलं. पुढचं अक्षर एम. त्यात 'मेक अप' होताच. आता माणसाने काय करावं, सरळ उठून "चुकलं माझं" म्हणावं. मास्तरांनी लिहिलं, 'समेट करणे. पुढाकार कोणी घ्यावा याविषयी मतभेद आहेत.' बाईंचं वाक्य लगेच आलं : 'ज्याने काढलं त्याने मिटवावं.'

पण तोंडाने म्हणणं म्हणजे पुन्हा हरणं. मग मास्तरांनी वेगळीच युक्ती काढली. कोश पूर्ण झाला की ती जाणार, तर तो पूर्ण होऊच द्यायचा नाही. 'ऑन थिन आइस', म्हणजे धोक्यात असणे, एवढ्यालाच त्यांनी नऊ अर्थ लिहिले, उपार्थ वेगळे.

"मास्तर, नुसत्या ओ अक्षरात तीन आठवडे?" प्रेसवाला म्हणाला. "अशाने कोश बांधायची पाळी माझ्या पोरांवर येईल."

"काम नीट व्हायला नको का?" मास्तर म्हणाले, आणि हळूच बाईंच्या टेबलाकडे पाहिलं. बाई खाली मान घालून कापूस फुंकत होत्या.

पण इंग्रजीत अक्षरं सव्वीसच. झेड आलं, संपलं. पुस्तकं बांधून झाली, प्रेसवाल्याने नमुन्याच्या प्रती शाळांना पाठवल्या. मास्तर रोज सकाळी उठून आधी कपाट उघडून बघत, बाईंची बॅग जागेवर आहे का. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी दुपारी फोन वाजला. मास्तरांनी उचलला.

"मी मुख्याध्यापिका बोलतेय. तुमच्या कोशाबद्दल विचारायचं होतं."

"विचारा ना. कुठल्या अर्थाबद्दल शंका आहे?"

"अर्थ ठीक आहेत हो. बाई बहिणीकडे गेल्या का?"

म्हणजे सगळं तसंच छापलं गेलं होतं.

"हॅलो? आम्ही सगळ्या शिक्षिका इथे बसलोय. सीपासून झेडपर्यंत वाचून काढलं, पण शेवट कळेना. बाई गेल्या का?"

"ठाऊक नाही मला," मास्तर म्हणाले.

"असं कसं? विचारा ना त्यांना."

बाई खिडकीशी उभ्या होत्या. मास्तरांनी फोन तसाच हातात धरला. अडीच महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा आवाज बाईंसाठी फुटला.

"अगं, जाऊ नकोस," ते म्हणाले. "चुकलं माझं. मला करमत नाही. झेडपर्यंत कसा पोचलो, माझं मला माहीत."

बाई वळल्या.

"कुठे जाऊ नको?"

"धाकटीकडे."

"तिच्याशी माझं बोलणं तरी आहे का? सहा वर्षं झाली." बाईंच्या आवाजात हसू होतं आणि डोळ्यांत पाणी. "म्हणून तर ते वाक्य लिहिलं. म्हटलं, वाचून हसाल, आणि मिटेल एकदाचं. तर तुम्ही नऊ-नऊ अर्थ लिहीत बसलात."

मास्तर मनात हिशोब करू लागले. सहा वर्षं धाकटीचं पत्र नाही, फोन नाही, आणि हे आपल्या लक्षातही आलं नव्हतं. फोनमधून बारीक आवाज येत होता.

"हॅलो, हॅलो? धाकटीशी काय झालं होतं?"

बाईंनी फोन हातात घेतला. "सांगते," त्या म्हणाल्या. "पण मोठी गोष्ट आहे, बसून ऐका."

मास्तरांनी स्टूल ओढलं आणि ते बाईंच्या अगदी जवळ, कान देऊन बसले. त्यांनाही ते माहीत नव्हतं. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.