कुंभारवाड्याच्या शाळेतल्या फरारी मुंग्या

येसाजीच्या मते काळी नदीच्या अलीकडे हेर एकच होता आणि पलीकडे एकही नव्हता. पान हललं की वारा कुणाच्या सांगण्यावरून आला ते आपल्याला कळतं, असं तो स्वतःच सांगे. आजवर त्यानं एकही चोर पकडला नव्हता. आपल्या धाकानं कुणी चोरीच करत नाही, हे त्याचं उत्तर. ऐकून घ्यायला हक्काचा माणूस म्हणजे बहिणीचा नवरा लखू.

त्या दिवशी शाळेतून तांबड्या मुंग्यांचं घरटं नाहीसं झालं. शाळेतच राहणाऱ्या, खानापूरहून नव्यानं आलेल्या परशुराम मास्तरांनी ते फांदीसकट पाण्याच्या परातीत ठेवलं होतं. मुंग्या वाट कशी धरतात, हे दुपारी शाळा तपासायला येणाऱ्या दिपोटी साहेबांसमोर दाखवायचं होतं. प्रयोग फसला तर शाळा रामनगरला हलणार आणि लखूची लेक तारा घरी गुरं राखणार. लखूनं धावत जाऊन येसाजीला बोलावून आणलं.

येसाजीनं जमीन हुंगली. "चोर अनवाणी हुता, दाजी."

गावात वहाणा मास्तरांच्याच पायात, हे लखूनं सांगितलं. तेव्हा मास्तर तेवढे सुटले आणि बाकीचा गाव संशयित ठरला. मग पाळी रामनगरच्या गूळवाल्याची. मुंग्यांवर त्याचा जुना दात असणारच. शेवटी, दुपार होता होता, येसाजीनं मुंग्यांनाच फरारी ठरवलं. साहेब येणार म्हटल्यावर लहानपणी तोही असाच रानात पळाला होता.

तेवढ्यात मास्तरांचं जेवण रांधणारी लखूची बायको, फुला, न्याहारीची ताटली न्यायला आली. काल मास्तर शिंकून बेजार झालेले तिनं पाहिले होते, आणि शेजारी घरटं. सर्दीवर गावात करतात त्या मुंग्यांच्या चटणीसाठीच आणलंय, एकट्या पुरुषाला वाटता येत नसेल, म्हणून तिनं सकाळीच मुंग्या नेऊन मिरची-मिठात वाटल्या होत्या.

"दोनदा मागून खाल्ली की मास्तरांनी," ती म्हणाली.

मास्तर चूळ भरायला धावले, तर दारात साहेब उभे.

ताटलीतल्या गुळाच्या खड्याला काळ्या मुंग्यांची रांग लागली होती. मास्तरांनी धीर करून ओलं बोट रांगेच्या मधोमध फिरवलं. मुंग्या थबकल्या, सैरभैर झाल्या. असं का, साहेबांनी विचारलं. मास्तरांच्या आधी पोरांतून तारा उठली.

"पुढलीच्या वासावर मागली चालती. वास पुसला, वाट ग्येली."

साहेब हसले. शाळा इथंच राहील, म्हणाले. लखूचे डोळे भरून आले. त्यानं आनंदाच्या भरात येसाजीलाच मिठी मारली.

परात रिकामी का, हे साहेबांनी जाताना विचारलंच. येसाजी छाती काढून पुढे झाला.

"मुद्देमाल सापडला, साहेब. पर हजर करता येत न्हाई."