गालावर खळी नसलेल्या मुली

मालतीताई एका मंगळवारी गेल्या.

डोंबिवलीच्या एका वाचनालयात मी पुस्तकं देते-घेते. ताई ठाकुर्लीहून चालत यायच्या, कुमारकथांचं पुस्तक न्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी भांडायला हजर. "अगं नीला, पोरगा डोंगर चढतोय आणि ही खाली डबा भरतेय! हिचे काय गुडघे दुखतात?" नायिकेच्या गालावर खळी पडली की त्या पुस्तकच मिटायच्या. "खळी पडली ना, आता हिला पुढे काही काम नाही."

पुस्तक परत करायला आलेल्या मुलांचीही सुटका नसे. "शेवटी तिने काय केलं रे?" कुणी "रडली" म्हणालं, की ताई माझ्याकडे बघायच्या, जणू मीच तिला रडवलं होतं.

त्या स्वतःही लिहायच्या. त्यांच्या मुली जोरात शिंकायच्या, भावाच्या ताटातली भजी पळवायच्या, बंद पडलेला मिक्सर खोलून बसायच्या. शेवटच्या गोष्टीतली कोपर स्टेशनजवळ राहणारी मुलगी घरी न सांगता ठाण्याला कबड्डीचा सामना बघायला जाते. अंधार पडल्यावर परतते. दारात बाबा. "कुठे होतीस?" "कबड्डी बघायला. भूक लागलीय." बाबा बाजूला होतात. गोष्ट संपते.

एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. ताईंनी तो माझ्या टेबलावरच स्पीकरवर टाकला.

"ताई, अंक किशोरांचा आहे. शेवटी 'बाबा, चुकलं माझं' एवढं घाला. लगेच छापतो."

"तुमच्या अंकात मुलगे उशिरा आले की त्यांना गरम पोळी मिळते. माफी हिनेच का मागायची?"

"एकच वाक्य आहे हो."

"तेच नाही घालणार."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "ताई, छापून यावी असं तुम्हाला किती वाटत होतं."

त्या पदराने चष्मा पुसत राहिल्या. "माझी धाकटी बहीण, शालू. अशीच उशिरा आली होती. बाबा म्हणाले, आधी माफी माग, मग आत ये. तिने नाही मागितली. मी आतच होते गं. कडी काढली नाही."

"मग?"

"मग ती परत आलीच नाही."

ताई गेल्यावर काही दिवसांनी संपादकांचा मला फोन आला. ताईंच्या स्मरणार्थ गोष्ट छापू म्हणाले. ते वाक्य तेवढं मी घालावं. मला वाद घालता येत नाही. नाही म्हटलं आणि फोन ठेवला.

गोष्ट छापलेली नाही. दर शनिवारी मी ती वाचनालयात मुलामुलींना वाचून दाखवते. कोपरची मुलगी माफी मागत नाही.