जागेचा उल्लेख नाही

मालनला बसता येत नव्हते, ही बाब घरात सर्वांना मान्य होती. का बसता येत नव्हते, याबाबत मात्र घराने कोणतेही मत व्यक्त केलेले नव्हते.

तिचे पहिले बाळंतपण खरे तर माहेरी, संगमेश्वरला व्हायचे. पण तिथल्या डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला, मान हलवली आणि तिला रत्नागिरीला धाडले. इथल्या इस्पितळात मूल काही केल्या खाली येईना, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी चिमटा लावून ते ओढून काढले आणि मग मालनला टाके घातले. मुलगा गुटगुटीत निघाला. घर जवळ म्हणून तिला सासरीच आणले. आता खोकला आला की टाके ओढत, मोरीत गेले की डोळ्यांतून पाणी येई, आणि पाटावर टेकले की जीव नको होई. घरात बसायचे ते सगळे जमिनीलगत. डॉक्टरीणबाईंनी तर बजावले होते, की खाली बसायचे नाही, मिठाच्या गरम पाण्यात शेकायचे आणि एक रबरी रिंग आणून तिच्यावर बसूनच मुलाला पाजायचे.

आत्माराम, तिचा नवरा, तसा भला माणूस. त्याने रिंग आणली आणि गाल लाल होईपर्यंत स्वतःच्या तोंडाने फुगवली. मालन तिच्यावर टेकली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिने ओठ न चावता मुलाला दूध पाजले. पोराचे पोट भरले, तिचाही जरा डोळा लागला.

तेवढ्यात आप्पा आले. आप्पा, म्हणजे तिचे सासरे, कचेरीतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले होते, पण कचेरी त्यांनी घरी आणली होती. घरात विळी सरकवायची तरी त्यांना कारण लागे.

"हे काय आणलंयस?" त्यांनी मुलाला विचारले.

"रिंग. हिच्यासाठी. टाके पडलेत ना."

"कुठे?"

आत्मारामने छपराकडे पाहिले. सासूबाई गंगुबाई निवडत असलेल्या तांदळात एकदम खोल शिरल्या. मालनने पदर ओढून घेतला.

"जागेचा उल्लेख नाही," आप्पा म्हणाले. "कारणाशिवाय साधनसामग्री मंजूर कशी करायची? माझं कारण तर जगजाहीर आहे."

ते खोटे नव्हते. आप्पांची मूळव्याध बाजारपेठेपासून मांडवीच्या धक्क्यापर्यंत सर्वांना ठाऊक होती. तिचे चढउतार ते ओटीवर बसून, येणाऱ्याजाणाऱ्याला खणखणीत आवाजात सांगत. तेव्हा उल्लेख करता येण्याजोगे दुखणे त्यांचे एकट्याचेच ठरले आणि रिंग तात्पुरत्या स्वरूपात त्यांच्याकडे वर्ग झाली. बाळंतिणीची वस्तू म्हणून आधी तिच्यावर गोमूत्र शिंपडले. मालन उभी राहून पाजू लागली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आनंदीबाई बाळंतविडा घेऊन आल्या. बघतात तर बाळंतीण भिंतीला टेकून उभी.

"अगो, ही उभी का?"

"टाके पडलेत तिला," गंगुबाई म्हणाल्या.

"कुठे गो?"

ओटीवर पुरुष माणसे होती. आप्पांचे कान आतच होते. गंगुबाईंच्या तोंडात जे पहिले आले ते त्या म्हणाल्या, "पायाला."

"पायाला टाके नि उभी? शुद्ध आहे का तुला, मालन? बस आधी," असे म्हणून आनंदीबाईंनी तिला मायेने दोन्ही खांदे धरून पाटावर दाबले.  मालनच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि तिने पाटाची कड इतकी घट्ट धरली, की नखे दुखू लागली. आनंदीबाई जाईपर्यंत तिला तसेच बसावे लागले, आणि आनंदीबाई चहा घेतल्याशिवाय जात नसत.

पायाला टाके म्हटल्यावर पायाला पट्टी हवी. गंगुबाईंनी डाव्या पायाला बांधली. मात्र बातमी ऑफिसात पोचली तेव्हा आत्मारामने उजवा पाय सांगितला होता, म्हणून संध्याकाळी उजव्यालाही बांधण्यात आली. दोन्ही पायांना पट्ट्या बघून आळी चक्रावली. बाळंतपणात पायाला टाके कसे पडतात, यावर नळावर बरीच चर्चा झाली. शेवटी आनंदीबाईंनीच निकाल लावला.

"मूल पायाळू असणार. पायांकडून आलं, म्हणून आईच्या पायावर बेतलं."

यात तर्क कोणता, हे कुणी विचारले नाही. तर्कापेक्षा सोय मोठी असते. पायाळू माणसाचा पाय कमरेला लागला की उसण जाते, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे, आणि कंबरा तर सगळ्यांच्याच धरलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीवर माणसे उभी. एकजण केळशीहून आला होता, रात्रीच्या एसटीने, वाकडाच्या वाकडा.

मालन गंगुबाईंना आत नेऊन म्हणाली, "सासूबाई, पोर डोक्याकडून आलंय. तुम्हीच तर त्याच्या कपाळावरचे चिमट्याचे वळ पाहिलेत. सांगा ना त्यांना."

"वळ कशाचे, ते सांगावं लागेल मग," गंगुबाई म्हणाल्या. "मग चिमटा. मग टाके. मग कुठे ते. गप्प राहा, बायो. लोक येऊन जातील."

लोक येऊन गेले नाहीत. लोक येत राहिले. औषधाला सोयर लागत नाही, असा निर्णय आप्पांनी दिला आणि रांगेची व्यवस्था हाती घेतली. उसण भरलेल्याला जमिनीवर कसे बसवणार? म्हणून रांगेतल्या पहिल्या माणसाला रिंग देण्यात येऊ लागली. आप्पांनी स्वतःचा हक्क सोडला, आणि त्याबद्दल त्यांचे कौतुकही झाले. काम सोपे होते. रोगी रिंगवर पाठमोरा बसे, मालन मुलाला घेऊन त्याच्या मागे वाके आणि मुलाचा इवलासा पाय त्याच्या कमरेला लावी. वाकताना टाके चरचरत. एकदा साडीला रक्त लागले तेव्हा गंगुबाईंनी ते पाहिले आणि न बोलता धुतलेले लुगडे आणून दिले. पोर मध्येच भुकेने रडे. मग लोक म्हणत, बघा, गुण उतरतोय.

मालनला वाटे, आता या टाक्यांवर आणखी टाके पडणार, आणि तेही पायालाच म्हणून सांगणार.

बारशाच्या दिवशी घर भरले होते. पाळणा सजला, घुगऱ्या शिजल्या. त्यातच आप्पांचे जुने साहेब, निवृत्त मामलेदार काशीरामपंत, चिपळूणहून खास गाडी करून आले. आप्पांनी त्यांना हाताला धरून रिंगवर बसवले. साहेबांनी सदरा वर केला. सगळ्या बाया पाळणा सोडून बघायला जमल्या.

"मालन, आण त्याला," आप्पा म्हणाले. "नीट वाक. साहेबांची कमर खाली आहे."

मालन हलली नाही.

"मामंजी, मी वाकणार नाही. मला बसायचंय."

"पाट आहे की."

"पाटावर नाही. त्या रिंगवर. ती माझी आहे. पोर पायाळू नाही, ते डोक्याकडून आलंय, चिमटा लावून. आणि माझे टाके पायाला नाहीत." तिने वाकून दोन्ही पट्ट्या सोडून टाकल्या. सरळ झाली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. "टाके कुठे आहेत ते सांगते."

आणि तिने सांगितले. शब्द नेहमीचाच होता. फक्त तो मोठ्याने, बारशाला, मामलेदारांसमोर म्हटला गेला.

काशीरामपंत रिंगवरून असे उठले, की बरीच वर्षे धरलेली कमर एका क्षणात सुटली. ते कुणाच्याही मदतीशिवाय, ताठ, गाडीपर्यंत चालत गेले. केळशीवाला परत आला होता, तोही सरळ होऊन निघाला. आनंदीबाईंना घरी दूध उतू जात असल्याचे आठवले. आप्पा परसात गेले आणि केळींची पाहणी करू लागले. रिंगकडे आता कुणी बघेनासुद्धा.

मालन तिच्यावर बसली. हळूच, एक हात भिंतीला लावून. पोराला पदराखाली घेतले.

घुगऱ्यांची परात तशीच पडली होती. गंगुबाई मालनजवळ येऊन उभ्या राहिल्या. 

"आत्मारामच्या वेळी मीही फाटले होते," त्या अगदी हळू म्हणाल्या. "सुईण होती. टाके कुठले नि काय. तशीच बसले बारशाला, पाटावर. अजून बसताना..."

"मग कुणाला सांगितलं नाहीत?"

"तुला सांगतेय की आत्ता."

मालन पोरासकट थोडी सरकली. रिंग एकीचीच होती, दोघी मावण्यासारखी नव्हती. "माझं झालं की तुम्ही बसा," ती म्हणाली. गंगुबाईंनी डोळे पुसले आणि मोदक वाफवायला गेल्या.

मालनने नेमका कोणता शब्द उच्चारला, तो इथे छापलेला नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलेच असेल. तो गाळण्यामागे आमची सबळ कारणे आहेत. हे पान घरात चार माणसांत वाचले जाते. तरी ज्यांना हे गाळणे भित्रेपणाचे वाटते, त्यांनी तो शब्द आत्ता, बसल्या जागी, फक्त एकदा मोठ्याने म्हणावा. म्हणताय ना? मग आधी मान वळवून शेजारी कोण बसलंय, ते कशाला पाहिलंत?